धागा : रीफ टँकमधले अ‍ॅस्टरिना आणि हार्लेक्विन कोळंबी – आणण्याआधी तिच्या खाण्याचा हिशेब

खारेपाणी

रीफ टँकमध्ये (प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) काचेवर, खडकांवर, ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) फटींत नखाएवढे राखाडी-पांढरे तारामासे, म्हणजे अ‍ॅस्टरिना, दिसायला लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो: हार्लेक्विन श्रिम्प (कोळंबी) सोडा. सल्ला चुकीचा नाही. रीफ टँकमध्ये ठेवता येईल असा तारामाशांचा इतका नेमका शिकारी दुसरा नाही. पण ही कोळंबी तारामाशांशिवाय जवळपास काहीच खात नाही. पेलेट, मायसिस, नोरी, माशांचं उरलंसुरलं, कशालाही ती तोंड लावत नाही. टँकमधले अ‍ॅस्टरिना संपले की त्या दिवसापासून ती उपाशी. त्यामुळे धाग्याचा मुद्दा एकच आहे: कोळंबी आणायच्या आधी, अ‍ॅस्टरिना संपल्यावर ती काय खाणार हे ठरलेलं असलं पाहिजे.

आधी ओळख. ज्यांना आपण सरसकट अ‍ॅस्टरिना म्हणतो त्यांतले टँकमध्ये येणारे बरेचसे तारे आता अ‍ॅक्विलोनास्ट्रा या प्रजातीत मोडतात. ही प्रजाती २००४ मध्ये वेगळी केली गेली. आकार बहुधा १५ मिमीच्या आत. मुख्य खूण म्हणजे भुजा एकसारख्या नसतात: तीन मोठ्या, तीन बारीक, कधी चार आणि एक ठुसका. कारण हे तारे मधोमध फाटून एकाचे दोन होतात आणि प्रत्येक अर्धा भाग उरलेल्या भुजा नव्याने वाढवतो. एका ताऱ्यापासून शेकडो होतात ते असे. लांब, केसाळ, वळवळणाऱ्या भुजा दगडाच्या फटीतून बाहेर काढणारे प्राणी म्हणजे छोटे ब्रिटल स्टार. ते पूर्ण निरुपद्रवी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हार्लेक्विनच्या दोन जाती बाजारात येतात. हायमेनोसेरा पिक्टा (पांढऱ्या अंगावर गुलाबी-जांभळे ठिपके) आणि हायमेनोसेरा एलेगन्स (ठिपके तपकिरी, कडा निळसर). दोघींची लांबी साधारण ५ सेंमीपर्यंत, सवयी सारख्याच. नलिकापादांनी (भुजांखालच्या चिकटणाऱ्या बारीक पायांनी) घट्ट चिकटलेला तारा ती पंज्यांनी उचकटून उलटा करते आणि खालची मऊ बाजू खाते. मोठा तारा असेल तर भुजेच्या टोकापासून मध्याकडे सरकत जाते, म्हणजे तारा बरेच दिवस जिवंत असतो. अ‍ॅस्टरिना मात्र एका बैठकीत संपतो.

---

प्रवाळबाग

खारेपाणी, एक पायरी तुम्ही गाळलीत. त्याआधीचा प्रश्न असा की अ‍ॅस्टरिना काढायचेच कशासाठी? टँकमध्ये येणारे बहुतेक तारे काचेवरचा शेवाळी थर, सूक्ष्मजीवांचा थर आणि कुजका गाळ खातात. काही जाती मात्र झोआंथिड (झोआ: वसाहतीने वाढणारे, बटणासारख्या पॉलिपचे प्रवाळासारखे प्राणी) खातात, काही खडकांवरचं कडक, गुलाबी कोरॅलाईन शेवाळ खरवडतात. नुसत्या डोळ्यांनी जात ओळखणं आपल्यापैकी कोणालाच जमणार नाही, म्हणून वागणूक तपासायची.

झोआवर तारा बसलेला दिसला म्हणजे तो दोषी, असं होत नाही. मरणाऱ्या पॉलिपवर कुजकं खायला येणारे तारेही तिथेच दिसतात. शहानिशा अशी करा:

टँकच्या प्रवाहात टांगता येईल असा जाळीचा किंवा भोकांचा डबा घ्या. त्याचे दोन कप्पे करा. एकाच वसाहतीतून काढलेले, पूर्ण उघडणारे दोन-तीन पॉलिपचे दोन फ्रॅग (वसाहतीचे तुकडे) घ्या आणि एकेका कप्प्यात ठेवा. एका कप्प्यात झोआजवळून उचललेले पाच-सहा तारे सोडा, दुसऱ्यात एकही नको. काचेवरचे तारे या चाचणीसाठी घेऊ नका, टँकमध्ये दोन वेगळ्या जाती असू शकतात. चार-पाच दिवस सकाळी आणि दिवे गेल्यावर तासाभराने फोटो काढा. ताऱ्यांच्या कप्प्यातले पॉलिप बंद होऊन झिजले आणि दुसऱ्या कप्प्यातले उघडे राहिले, तर तारे खातात हे सिद्ध झालं. दोन्हीकडे बंद राहिले तर कारण पाण्यात किंवा प्रकाशात शोधा. दोन्हीकडे उघडे राहिले तर ताऱ्यांना त्यांचं काम करू द्या.

खाणारा तारा उचलला की खाली पॉलिपवर त्याचं बाहेर काढलेलं पारदर्शक पोट एखाद्या क्षणापुरतं दिसतं. ते दिसलं तर चाचणीचीही गरज उरत नाही.

कोरॅलाईनवरचे पांढरे डाग अर्चिन (काटेरी, गोल समुद्री प्राणी) आणि कायटनही (खडकाला चिकटणारे, कवचाच्या पट्ट्यांचे प्राणी) करतात. ताऱ्याचा डाग ताऱ्याएवढाच आणि कडेने गोलसर असतो. अर्चिनचा डाग पट्ट्यासारखा लांब जातो.

---

नवी_लाट

२८० लिटरचा टँक आहे. चाचणीशिवायच खात्री पटली, कारण उचललेल्या ताऱ्यांखाली पोट दिसलं. तारे मोजण्यापलीकडे आहेत. टँकमध्ये एक लाल फ्रोमिया तारामासा, वाळू उपसणारा एक तारामासा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन, एक टक्सिडो अर्चिन आणि एक सिक्सलाईन रास (मासा) आहे. हार्लेक्विन एक आणू की जोडी? आणि बाकीच्यांचं काय होईल?

---

खारेपाणी

फ्रोमिया आणि अ‍ॅस्ट्रोपेक्टेन दोघेही खाल्ले जातील, यात "कदाचित" नाही. मोठा तारा असताना हार्लेक्विन बारक्या अ‍ॅस्टरिनाकडे ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे तुमचा मूळ हेतूही मागे पडेल. दोघांना दुसऱ्या टँकमध्ये हलवा. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवणार असाल तर कोळंबी ओव्हरफ्लोमधून तिथे पोचणार नाही अशी जाळी लावा. अर्चिनला बहुधा धोका नाही, पण उपाशी कोळंबी अर्चिनच्या नलिकापादांवरही हात टाकते. ब्रिटल स्टारचंही तसंच.

सिक्सलाईन पूर्ण वाढलेल्या हार्लेक्विनला सहसा मारत नाही. धोका कात टाकल्यानंतरचे एक-दोन दिवस, कवच मऊ असताना. तिला मागून बंद असलेली एक खोल कपार हवी. ट्रिगर, पफर, हॉकफिश, लायनफिश, मोठे रास असतील तर हा धागा इथेच सोडा, कोळंबी टिकणार नाही. मोठी कोरल बँडेड श्रिम्पही नको.

एक की जोडी? फक्त उपद्रव संपवायचा असेल तर एकच. या कोळंब्या निसर्गात जोडीने राहतात आणि जोडी वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे कायमची ठेवायची असेल तर जोडी चांगली. पण खाणंही जवळपास दुप्पट होतं. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र टाकले तर भांडतात. मादी मोठी असते आणि तिच्या पोटाखालच्या कडांवर रंगीत ठिपके असतात. नराचा तो भाग साधा, पारदर्शक.

---

शंखशिंपले

कोळंबी यायच्या आधी आणि आल्यावरही हाताने काढणं थांबवू नका. "तारे तिच्यासाठी राखून ठेवतो" म्हणत महिनाभर वाट बघायची, तोवर झोआ संपलेल्या असतात. आधी झोआवरचे तारे काढा, काचेवरचे तिला राहू द्या.

हवेच्या पंपाची साधी नळी घ्या, टोकाला तेवढ्याच जाडीची ३० सेंमी कडक नळी लावा. दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा म्हणजे पाणी टँकलाच परत मिळतं आणि तारे सॉकमध्ये अडकतात. दिवे गेल्यावर तास-दीड तासाने लाल प्रकाशात बसा, तेव्हा ते काचेवर येतात, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ. घट्ट चिकटलेला तारा आधी कडक नळीच्या टोकाने कडेने सैल करा, मग ओढा. खडकावर चिरडू नका: मध्याचा तुकडा शिल्लक असलेले भाग पुन्हा वाढतात.

झोआचे प्लग (फ्रॅग चिकटवलेले छोटे तळ) वेगळे काढता येत असतील तर प्लगची खालची बाजू बघा. तारे दिवसा तिथेच लपलेले असतात. कोरल डिपवर (कीड काढण्यासाठी प्रवाळ बुडवायच्या द्रावणावर) विसंबू नका, डिपमधून तारे बऱ्याचदा जिवंत निघतात. प्लग तोडून टाकायचा, कडा चिमट्याने साफ करायच्या आणि नव्या प्लगवर चिकटवायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येक फ्रॅगला हाच नियम लावला आणि चार-सहा आठवडे वेगळं ठेवलं तर हा प्रश्न टँकमध्ये शिरतच नाही.

आणखी एक. शेकडो तारे म्हणजे शेकडो ताऱ्यांना पुरेल एवढं खाणं टँकमध्ये पडतंय. माशांना दिलेलं दोन मिनिटांत संपत नसेल तर कमी करा. गोठवलेलं खाद्य वितळवून, गाळून, त्याचं पाणी फेकून द्या. खडकांमागचा साठलेला गाळ टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) उडवून आठवड्याला एकदा सॉकमध्ये पकडा. पण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेऊ नका, मग डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे एकपेशीय जीव) येतात आणि ते अ‍ॅस्टरिनापेक्षा कितीतरी वाईट. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात राहिलात तर पुरे.

---

मीठमापे

हार्लेक्विन आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत मरते तेव्हा कारण बहुधा क्षारतेतला फरक असतो. तिला तो बदल माशांपेक्षा फार कमी सोसतो.

पिशवी उघडली की आधी रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवलेला हवा. आरओ (क्षार काढलेल्या) पाण्याने शून्य जुळवलं तरी ३५ च्या आसपास तो चुकू शकतो. आपला टँक १.०२५ विशिष्ट गुरुत्वाला आणि पिशवी १.०२१ ला असेल, तर थेट सोडू नका.

पिशवी काही तासांपूर्वीच भरलेली असेल तर ठिबक पद्धत: गाठ मारलेल्या हवेच्या नळीतून सेकंदाला दोन-तीन थेंब, पाणी मूळच्या तिप्पट होईपर्यंत, साधारण दीड-दोन तास. वरून झाकण ठेवा आणि तापमान घसरू देऊ नका.

पिशवी एक दिवस किंवा जास्त प्रवासात असेल तर ठिबक उलट घातक ठरतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात दोन तास ठिबक म्हणजे दोन तास विषात. अशा वेळी पिशवी येण्याआधीच एका छोट्या टबात टँकचं पाणी आरओ पाण्याने पातळ करून पिशवीच्या क्षारतेचं करून ठेवायचं (विक्रेत्याला क्षारता आधी विचारा), कोळंबी लगेच त्यात हलवायची आणि मग त्या टबात ठिबक लावून चार-सहा तासांत क्षारता चढवायची.

औषध म्हणून तांबं वापरलेल्या टँकमध्ये ती सोडूच नका. त्या टँकचे जुने खडक आणि सिलिकॉन यांतूनही तांबं नंतर सुटत राहू शकतं. आणि दोन-तीन आठवड्यांनी तळाशी रिकामं ठिपकेदार कवच दिसलं तर घाबरू नका, ती कात आहे. आतून पारदर्शक आणि पोकळ असते.

---

प्रवाळबाग

आता मला खरा आक्षेप मांडायचा आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की अ‍ॅस्टरिना संपले की चॉकलेट चिप तारा संपमध्ये ठेवा, एक भुजा कापून द्या, ती परत उगवते, म्हणजे खाणं कधीच संपत नाही. हा हिशेब कोणी केलाय का? एका कोळंबीला साधारण ७ ते १० दिवसांना एक भुजा धरली तर वर्षाला ३६ ते ५२ भुजा होतात. भुजा पूर्ण उगवायला कित्येक महिने लागतात. एका ताऱ्याकडून वर्षात दोनच भुजा घेतल्या तर १८ ते २६ तारे पाळावे लागतील. ते कोणाच्या संपमध्ये मावणार? प्रत्यक्षात लोक एका ताऱ्याच्या एकामागून एक भुजा कापतात आणि तो मरतो. मग "पुन्हा उगवते" म्हणायचं कशाला? सरळ म्हणा की वर्षाला सात ते अकरा तारे मारले जातात.

---

खारेपाणी

हिशेब बरोबर आहे आणि तो धाग्यात आला हे उत्तम झालं. चॉकलेट चिप तारे जवळजवळ सगळे समुद्रातूनच पकडलेले असतात, हेही त्याला जोडा. म्हणूनच कोळंबी कायमची ठेवायचा निर्णय अ‍ॅस्टरिनाच्या रागात घेऊ नये.

ज्यांनी ठेवायचीच ठरवली आहे त्यांच्यासाठी तपशील. चॉकलेट चिप, म्हणजे प्रोटोरिअस्टर नोडोसस, प्रवाळ आणि इतर चिकटून राहणारे प्राणी खातो, त्यामुळे मुख्य टँकमध्ये चालत नाही. संपमध्ये ठेवताना रिटर्न पंपाच्या तोंडाला जाळी लावा आणि त्याला आठवड्याला दोन-तीनदा कोळंबीचा किंवा शिंपल्याच्या मांसाचा तुकडा थेट खाली सरकवून द्या. उपाशी ताऱ्याच्या भुजेत कोळंबीला खायला काही उरत नाही. लिंकिया खाद्य म्हणून आणू नका. तो टँकमध्ये बहुधा आधीच उपासमारीने मरत असतो.

भुजा कापायची तर तारा पाण्यातच धरून, नव्या धारदार पात्याने, एका घावात, टोकापासून अर्ध्यापर्यंतच. मध्याची चकती अजिबात दुखवायची नाही. नंतर तारा स्वच्छ प्रवाहात वेगळा ठेवा. जखम काही दिवसांत आवळून येते. तिथे पांढरी बुरशीसारखी साय आली, कातडी सुटू लागली किंवा तारा लुळा पडला तर त्याच दिवशी पाण्याबाहेर काढा. सडणारा मोठा तारा छोट्या टँकमध्ये अमोनिया तर सोडतोच, शिवाय ताऱ्यांच्या अंगात सॅपोनिन प्रकारची द्रव्यं असतात आणि ती माशांना विषारी आहेत.

दिलेली भुजा कोळंबीच्या कपारीपाशीच ठेवा, नेहमी त्याच जागी. हर्मिट खेकडे आणि पेपरमिंट श्रिम्प पळवतात, म्हणून आडवी ठेवलेली छोटी काचेची बरणी चांगली: तोंड कपारीकडे. दोन-तीन दिवसांनी उरलेलं काढून टाका.

---

भरती

दुसरे शिकारी विचारले जातात म्हणून लिहितो. बंबलबी श्रिम्प, नॅथोफायलम अमेरिकॅनम, जेमतेम २ सेंमीची असते. तीही कंटकचर्मी प्राण्यांचे (तारामासे, अर्चिन यांच्या गटातल्यांचे) नलिकापाद खाते, पण इतर खाणंही घेते, त्यामुळे उपाशी मरण्याची भीती कमी. बाजू तोट्याची: मोठ्या टँकमध्ये ती हरवते आणि शेकडो ताऱ्यांपुढे तिची भूक फारच छोटी. ५०-६० लिटरच्या टँकमध्ये, तारे थोडेच असतील तर दोन-तीन बंबलबी हा समजूतदार पर्याय आहे.

ट्रायटन शंख, कॅरोनिया ट्रायटोनिस, काटेरी मुकुटाचा तारासुद्धा (प्रवाळ खाणारा प्रचंड तारामासा) खातो, पण तो ४० सेंमीच्या वर वाढतो. टँकसाठी विचारच नको. पफर आणि ट्रिगर तारे खातात, सोबत शंख, कोळंब्या आणि प्रवाळही.

हार्लेक्विनबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पीटर ग्लिन यांनी तिचा आणि काटेरी मुकुटाचा अभ्यास केला. कोळंबी त्या प्रचंड ताऱ्याला एकटी क्वचितच संपवते. ती जखम करते, आणि फेरेकार्डिया स्ट्रायाटा हा केसाळ किडा त्या जखमेतून आत शिरून तारा पोखरतो. निसर्गात ती एकटी काम करत नाही. टँकमध्ये आपण तिच्यावर एकटीवर सगळं टाकतो.

---

नवी_लाट

मग उपद्रव संपेपर्यंतच ठेवली आणि नंतर अ‍ॅस्टरिना असलेल्या दुसऱ्या टँकला दिली तर? फिरती ठेवायची.

---

मीठमापे

सर्वांत कमी हिंसेचा मार्ग तोच आहे, पण पुढचा टँक कोळंबी आणण्याआधी ठरलेला असू द्या. तारे दिसेनासे झाल्यावर शोधाशोध सुरू केली तर ती त्या काळात खंगते. दोन-तीन रात्री लाल प्रकाशात बघूनही काचेवर एखादाच तारा सापडत असेल, तेव्हा हलवा. ती दिवसाढवळ्या उघड्यावर भटकायला लागली तर ती भुकेली आहे, आणखी थांबू नका.

प्रत्येक हलवणीत क्षारता वर सांगितल्याप्रमाणे जुळवा, जुन्या टँकचं पाणी नव्यात जाऊ देऊ नका, आणि कात टाकल्यापासून चार-पाच दिवस हलवू नका. पुढच्या टँकमध्ये तांबं कधी वापरलं होतं का, हे तोंडी विचारून भागत नाही. चाचणी किट लावा.

---

शंखशिंपले

फिरतीच्या मधल्या काळासाठी गोठवलेली भुजा हा आधार आहे, पण सवय आधी लावावी लागते. सगळ्याच कोळंब्या ती घेत नाहीत. टँकमध्ये जिवंत तारे अजून आहेत तेव्हाच सुरुवात करा: मेलेल्या पण न सडलेल्या ताऱ्याच्या भुजेचे २ सेंमीचे तुकडे वेगवेगळे गोठवा, टँकच्याच पाण्यात वितळवा, खालची मऊ बाजू वर करून कपारीपाशी ठेवा आणि लांब चिमट्याने थोडं हलवा. रात्रभरात हात लावला नाही तर सकाळी काढा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. घेऊ लागली की ताज्या आणि गोठवलेल्या आलटून पालटून.

नवी_लाट, तुमच्याकडे सॉकमध्ये अडकणारे अ‍ॅस्टरिना फेकू नका. संपमधल्या एका भोकांच्या डब्यात, शेवाळ चढलेल्या दगडाच्या तुकड्यासह ठेवा. ते फार सावकाश वाढतात, कोळंबीचं पूर्ण पोट त्यावर भरणार नाही, पण पुढचा टँक तयार होईपर्यंतचे काही दिवस निघतात. डब्याचं झाकण घट्ट बसतंय एवढं बघा, ते पाण्याच्या रेषेवरूनही सरकून बाहेर येतात.